सर्जेरावांसाठी मारवा

शेंदरवाडी, ता. वेल्हे
१४ नोव्हेंबर १९७४

ती. बाईंना फुलाचा नमस्कार.

ओळखलंत का? भोरच्या शाळेत तुमच्या गाण्याच्या तासाला खिडकीशी बसायची ती कामथडीची फुला. शाळा सुटली, लग्न झालं आणि मी ह्या डोंगरातल्या गावात आले. गाणं तिथंच राहिलं. आमच्या घरात बाईमाणसाचा सूर उंबऱ्याबाहेर गेलेला चालत नाही. जात्यावरसुद्धा मी तोंडातल्या तोंडात म्हणते.

पत्र लिहायचं कारण माझे सासरे. सर्जेराव पाटील. आम्ही मामंजी म्हणतो. त्यांचं ब्लडप्रेशर फार वाढलंय. चिडले की डोळे लाल होतात. मागच्या महिन्यात ओसरीवर कुणाला तरी शिव्या देता देता खालीच बसले. भोरचे डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण ह्यांचं डोकं शांत राहिलं पाहिजे. काही शांत गाणं वगैरे ऐकवा.

घरात चावीचा फोनो आहे. तबकड्या आहेत त्या सगळ्या तमाशाच्या, त्या लावल्या की मामंजी मांडीवर थाप मारून आणखीनच तापतात. शास्त्रीय गाण्यातलं मला सा रे ग म पलीकडं काही येत नाही, आणि मामंजींना तर तेवढंही नाही. अगदी नवख्या माणसानं कुठून सुरुवात करावी, ते सांगाल का?

तुमची विद्यार्थिनी,
फुला

---

भोर
२२ नोव्हेंबर १९७४

चि. फुला हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं नाव आणि गाव मी बराच वेळ वाचत बसले.

सोबत दोन तबकड्या पाठवते आहे. पुठ्ठ्यात बांधून वेल्ह्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिल्या आहेत, त्या उतरवून घे. एक भूप, दुसरी दुर्गा. दोन्हीत पाचच सूर आहेत. नव्या कानाला गर्दी नको, म्हणून हेच आधी. शब्द शोधू नका. मागे तंबोरा वाजतो आहे त्याच्याकडे लक्ष ठेवा, गाणारा तिथून निघून तिथेच परत येतो. तेवढं कळलं तरी पुष्कळ. आठवडाभर हीच दोन ऐकवायची. नवं काही मागितलं तरी द्यायचं नाही. आणि त्यांना एकटं बसवू नकोस, तूही शेजारी बसून ऐक.

एक कळव. सर्जेरावांचा आवाज अजून तसाच खणखणीत आहे का? प्रकृतीचा अंदाज यावा म्हणून विचारते.

तुझी बाई

---

शेंदरवाडी
१० डिसेंबर १९७४

ती. बाईंना नमस्कार.

तबकड्या सुखरूप आल्या. पहिल्या दिवशी मामंजी म्हणाले, "ह्ये काय रडगानं लावलंय? मानसाचं पोट दुखल्यागत वाटतंय." मी तुमचं नाव पुढं केलं. म्हटलं, भोरच्या बाईंनी डॉक्टरांसारखं लिहून दिलंय. डॉक्टर म्हटलं की ते गप्प होतात.

दुसऱ्या दिवशी आपणहून ओसरीवर येऊन बसले. आणि मग एका संध्याकाळी भूप चालू असताना बघते तर खांबाला टेकून डोळे मिटलेले. तबकडी संपली, सुई खरखरायला लागली, तरी हलले नाहीत. मी उठले तशी म्हणाले, "फुले, अजून एकदा लाव की." ह्या घरात येऊन मला सहा वर्षं झाली, पण 'की' लावून ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

मला काय होतं ते सांगू? भूप ऐकताना मला आमच्या कामथडीच्या शेताचा बांध दिसतो. कुणी हाक मारत नाही, काही काम नाही, नुसतं चालायचं.

तुम्ही आवाजाचं विचारलंत. आवाज आहे, हो. ओसरीवरून हाक मारली की ओढ्यापलीकडचा गडी धावत येतो. तरणे असताना म्हणे सगळं खोरं त्या आवाजाला भ्यायचं. आमचा म्हातारा गडी रखमाजी सांगतो.

मामंजी म्हणाले, "बाई गुणाची दिसतीया. तिला आपल्या वावरातला आंबेमोहोर धाड." ह्या पत्राबरोबर तांदूळ पाठवते आहे. नाही म्हणू नका.

तुमची फुला

---

भोर
१९ डिसेंबर १९७४

चि. फुला,

तांदूळ त्याच गाडीने परत पाठवले आहेत. तुझा अपमान समजू नकोस. सर्जेरावांच्या शेतातलं धान्य माझ्या घरात शिजणार नाही.

आणखी दोन तबकड्या देते आहे. भीमपलास दुपारी, जेवणानंतर. यमन दिवेलागणीला. यमनातला तीव्र मध्यम आला की सगळं घर उजळल्यासारखं वाटतं, ते तुला नक्की कळेल. वेळा बदलू नकोस. सर्जेरावांना सवय लागली पाहिजे. दुपार झाली की त्यांनी आपणहून फोनोकडे बघावं. एखाद्या गोष्टीवाचून माणसाचा जीव राहीना, मगच औषध अंगी लागलं म्हणायचं.

तू कामथडीच्या बांधाबद्दल लिहिलंस ते मी पुन्हा वाचलं. तुझा कान चांगला आहे. तो जप.

तुझी बाई

---

शेंदरवाडी
२ फेब्रुवारी १९७५

ती. बाईंना नमस्कार.

तांदूळ परत आले ते मी घरात सांगितलं नाही. गुपचूप कणगीत ओतले. का पाठवलेत परत? सर्जेरावांच्या शेतातलं, असं लिहिलंत. तुम्ही मामंजींना ओळखता का?

इथली खबर चांगली आहे. मामंजी बदलले. यमनाच्या वेळी ओसरीवर कुणी मोठ्यानं बोललं तर तेच म्हणतात, "गप रं, बाईचं गानं चाललंय." मध्यंतरी फोनोची चावी अडकली, तर जेवण सोडून बसले. रखमाजीनं ती कशीबशी सुरू केली तेव्हा ताटाला हात लावला. डॉक्टर म्हणाले, प्रेशर बरंच खाली आलंय. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "भोरच्या बाईनं माजा जीव राकला. एकदा जाऊन पाया पडनार हाय."

आमचे हे मला म्हणाले, तू काय जादू केलीस. मी म्हटलं, मी नाही, बाईंनी.

आता पुढं काय ऐकवू?

फुला

---

भोर
११ फेब्रुवारी १९७५

चि. फुला,

वाचून बरं वाटलं. याचीच वाट बघत होते.

आता आधीच्या चारही तबकड्या परत पाठव. माझ्याकडच्या मुलींना लागणार आहेत. त्यांच्या जागी एकच पाठवते. मारवा. दिवस मावळताना लावायची, एकदा झाली की लगेच पुन्हा. महिनाभर दुसरं काही नाही. त्यांनी बंद कर म्हटलं तर सांग की बाईंनी असंच सांगितलंय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढे कधीतरी देईन.

तुझी बाई

---

शेंदरवाडी
४ मार्च १९७५

ती. बाईंना नमस्कार.

बाई, काहीतरी चुकलंय. ही तबकडी शांत नाही.

मी शेजारी बसून ऐकते, तुम्ही सांगितलं तसं. भूपात गाणारा घरी परत यायचा. ह्यात तो घराकडं निघतो, अगदी दारापर्यंत येतो आणि बाहेरूनच माघारी फिरतो. सा आत्ता येईल असं वाटतं, तो येतच नाही. शेवटची एसटी चुकलेल्या माणसासारखं वाटतं.

मामंजी पहिल्या दिवशी उठून येरझाऱ्या घालायला लागले. "बंद कर ती," म्हणाले. बंद केली तर, "कशापायी बंद केलीस? त्या गवयाला काय म्हनायचंय ते सांगून तरी हूं दे." पुन्हा लावली. परवा त्यांनी रखमाजीवर तांब्या फेकला. डोळे पुन्हा लाल झालेत. यमन मागतात आणि यमन तर तुम्ही परत मागवलीत.

मी खूप विचार केला. तुमच्या हातून अशी चूक होणार नाही. शाळेत तुम्ही एक सूर हललेला चालवून घेत नव्हता. त्यातून ते तांदूळ. मला आता असं वाटतं की हे तुम्ही मुद्दाम करताय. तुम्ही मामंजींवर चिडलेल्या आहात आणि ते माझ्या हातून त्यांच्यापर्यंत पोचवताय.

खोटं असेल तर मला रागवा. खरं असेल तर सांगा.

फुला

---

भोर
१५ मार्च १९७५

चि. फुला,

खरं आहे.

मी शेंदरवाडीची आहे. तुमच्या घरापासून ओढ्याच्या पलीकडे आमची वस्ती, तिथे माझी आत्या ठकुबाई अजून राहते. माझ्या बाबांचं नाव कोंडिबा. बाबा तरुणपणी भोरात एका गवईबुवांकडे पडेल ते काम करत. बुवांनी त्यांचा गळा ओळखला आणि जात न विचारता शिकवलं. बाबा गावी परत आले ते खांद्यावर तंबोरा घेऊन. पण गावाला त्यांच्याकडून गाणं नको होतं. मेलेली जनावरं ओढायला आणि देवळाबाहेर हलगी वाजवायला माणूस हवा होता.

मग आम्ही बुद्धाला शरण गेलो. बाबांनी हलगी खाली ठेवली ती ठेवलीच. पुढच्या वैशाखी पौर्णिमेला संध्याकाळी ते वस्तीत गायला बसले. मी मागे तंबोरा धरला होता, पंधरा वर्षांची होते. बाबा मारवा गात होते. हळूहळू ओढा ओलांडून गावातली माणसं आली. लांब उभी राहून ऐकू लागली. त्यांत पाटलांच्या घरच्या बायकाही होत्या, सर्जेरावांची आईसुद्धा.

ते सर्जेरावांना कळलं. चार गडी घेऊन आले. माझ्या हातातून तंबोरा ओढला आणि दगडावर आपटला. बाबांना उताणं पाडून दोघांनी हात धरले. सर्जेराव त्यांच्या गळ्यावर पाय देऊन उभे राहिले आणि त्या खणखणीत आवाजात सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता गा."

बाबांचा आवाज परत आला नाही. मरेपर्यंत ते कुजबुजत बोलले. आम्ही भोरला आलो. साक्ष द्यायला गावातून एक माणूस आला नाही. मला जे गाणं येतं ते त्यांनी हाताने शिकवलं. वरचा सूर असला की हात वर, कोमल असला की बोट किंचित खाली. त्यांच्या घशातून हवा यायची, सूर नाही. मी गायचे आणि ते ऐकताना डोळे मिटून घ्यायचे, डोकं मात्र हलायचं.

तुझ्या पाकिटावर ते नाव दिसलं तेव्हा मी ठरवलं की ह्या माणसाला आधी गोडी लावायची. सुराशिवाय जगणं म्हणजे काय ते कळायला आधी सूर मिळाला पाहिजे. तो मिळाला की काढून घ्यायचा.

आता एकही तबकडी येणार नाही. यमन हवा असेल तर सर्जेरावांनी चावडीवर उभं राहून, त्याच आवाजात, कोंडिबाचं काय केलं ते सगळ्यांना सांगावं. हे पत्र त्यांना वाचून दाखव.

जयभीम.
रतन कोंडिबा कांबळे

---

शेंदरवाडी
२० एप्रिल १९७५

ती. बाईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. काही दिवस मला तुमचाच राग आला होता. मामंजींना माझ्यासमोर काही झालं असतं तर? फोनोची चावी माझ्या हातात होती. तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतंत. एवढं लिहून टाकते, मग पुढचं.

पत्र मी त्यांना ओसरीवर वाचून दाखवलं. आमचे हे होते, रखमाजी होता. शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं आता आभाळ कोसळेल. मामंजींनी माझ्याकडं बघून विचारलं, "कोन कोंडिबा?"

बाई, ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांचा चेहरा बघत होते. ते खरंच आठवत होते, आणि त्यांना आठवत नव्हतं. म्हणाले, "त्या टायमाला लई जनांना वठनीवर आनलं. कुनाकुनाला ध्यानात ठिवायचं?" आणि परत म्हणाले, "यमनाची तबकडी कवा येनार?"

ते ऐकलं मात्र, मी उठले. फोनो डोक्यावर घेतला. आमचे हे आडवे आले. "घराची अब्रू कुठं घेऊन चाललीस?" मी म्हटलं, "ओढ्यापलीकडं. जिथं गाणं बंद पाडलं तिथं." आयुष्यात त्यांच्याशी असं मी पहिल्यांदा बोलले. ते बाजूला झाले. का झाले, ते अजून मला कळलेलं नाही.

ठकुबाईंनी मला दारात बघून आधी हाकललंच. "पाटलाची सून हितं कशाला?" मी तुमचं नाव सांगितलं. मग त्यांनी मला आत बसवलं. तुम्ही लिहिलंत ते सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. दगडही दाखवला.

तेव्हापासून फोनो त्यांच्या घरी आहे. मारवा मी परत पाठवणार नाही. संध्याकाळी मी तिथं जाते, बायाबापड्या जमतात, आम्ही ऐकतो. घरात मामंजींनी आकांडतांडव केलं. भांडी फेकली, मला घराबाहेर काढीन म्हणाले. काढलं नाही. आणि मग एक दिवस रखमाजीला आणि आणखी एका गड्याला खुर्ची उचलायला लावून ओढा ओलांडून आले. वस्तीच्या वाटेवर खुर्ची ठेवली. म्हणाले, "लावा. म्या हितनं ऐकतो."

ठकुबाई म्हणाल्या, "हितनं न्हाई ऐकू येत. आत या, न्हाईतर माघारी जा."

मामंजींनी ओढ्याकडं एकदा वळून बघितलं. मग उठले, भिंतीला धरून आत आले आणि जमिनीवर बसले. पाटलाला दुसऱ्याच्या घरी जमिनीवर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी चावी द्यायला गेले तर ठकुबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "आदी म्या बोलनार. ह्यास्नी आठवत न्हाई म्हनं." आणि त्यांनी सुरुवात केली. पौर्णिमा, तंबोरा, दगड, पाय. आवाज न चढवता, तांदूळ निवडताना बोलावं तसं. संपल्यावर म्हणाल्या, "आता लाव."

आता हे रोज चालतं. मामंजी रोज येतात. यायचं नाही म्हणतात आणि दिवस कलला की काठी शोधतात. ठकुबाई रोज आधी सगळं सांगतात, मगच चावी फिरते. पहिल्या दिवशी मामंजी दुसरीकडं बघत होते. मग मान खाली घालून ऐकायला लागले. काल ठकुबाईंना खोकला आला आणि त्या "तंबोरा दगडावर" इथं थांबल्या.  आणि मामंजी बोलले. अगदी हळू.

"मंग म्या त्येच्या गळ्यावर पाय दिला."

रखमाजी बाहेर उभा होता, त्यानं पागोटं काढून हातात घेतलं. ठकुबाई म्हणाल्या, "मोठ्यानं बोला. मागच्या बायांस्नी ऐकू आलं न्हाई." त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. काही बायका रडत होत्या. ठकुबाई नाही.

चावडीवर म्हणाला होतात तुम्ही. तिथं ते अजून गेलेले नाहीत. पण मला वाटलं की हे तुम्हाला कळायला हवं.

फुला

---

भोर
६ मे १९७५

चि. फुला,

तुझं पत्र मी आत्याच्या पहिल्या वाक्यापर्यंत वाचलं, ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं.

तुझी माफी मागते. तुझ्या हातून हे करवून घेण्याचा मला हक्क नव्हता. ही माफी फक्त तुझ्यासाठी आहे. त्यातलं सर्जेरावांच्या वाट्याला काही नाही.

मला वाटायचं, ते आठवून आठवून आतून जळत असतील. इतकी वर्षं मी हे धरून बसले होते. त्यांना आठवतच नव्हतं, हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा पुन्हा कुणीतरी गळ्यावर पाय दिल्यासारखं झालं. मग आत्याचं वाचलं. तबकड्या काढून घेऊन मला जे साधलं नसतं ते तिने दिवसाकाठी चार वाक्यांत केलं. आत्याला सांग, ते स्वतः बोलू लागले म्हणून तिने थांबू नये. ते चुकतील तिथे दुरुस्त करावं. काही गाळतील तिथे पुन्हा पहिल्यापासून.

तू विचारलं होतंस, नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी. तुझ्यासाठी यमन पाठवते आहे, तुझ्या एकटीसाठी. तुला गायचं असेल तर आत्याच्या घरी मोठ्याने गा. तिथे उंबरा आड येणार नाही.

वैशाखी पौर्णिमेला मी येते आहे. आल्यावर तबकडी लावायची नाही. नवा तंबोरा घेऊन येईन, तू मागे बसून धर. मी गायच्या आधी सर्जेरावांना सगळं सांगू दे, चावडीपर्यंत जाईल अशा आवाजात, सगळी वस्ती आणि ओढ्यापलीकडचं येईल तेवढं गाव समोर असताना. मग मी मारवा गाईन, बाबांनी जिथे सोडला तिथून पुढे.

त्यांना आत बसू दे, पाणी दे. तब्येत बिघडली तर डॉक्टरकडे ने. पण मी गात असताना त्यांचा डोळा लागला तर फुला, त्यांना हलवून जागं कर.

जयभीम.
रतन